सोप्यापर्यंतच टपाल

(गेल्या रविवारी अभ्यासिकेत मी जे बोललो त्याचा हा मजकूर. पावसामुळं ज्यांना येता आलं नाही त्यांनी मागितला म्हणून लिहून काढला. थोडं पाल्हाळ काढलंय, सगळं नाही.)



मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. संगणकाचं रीतसर शिक्षण काही नाही. तरी आज मेलच्या सर्व्हरवर बोलायला उभा आहे, कारण गेल्या जूनमध्ये एका रात्रीत या अभ्यासिकेच्या नावानं हजारो खोटी पत्रं जगभर गेली. कुणाला लॉटरी लागली होती, कुणाकडं बँकेच्या खात्याची माहिती मागितली होती. आणि पाठवणाऱ्याच्या जागी डोमेन आपलं. ते दार उघडं ठेवणारा माणूस मी. त्यामुळं हे भाषण कमी आणि कबुलीजबाब जास्त आहे.

आधी रिले म्हणजे काय ते. आपण मेल 'पाठवला' म्हणतो तेव्हा तो थेट समोरच्याच्या फोनवर जाऊन पडत नाही. एक सर्व्हर दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. मधला जो फक्त घेतो आणि पुढं देतो, तो रिले. आपल्याकडं एसटीच्या कंडक्टरकडं डबा द्यायची पद्धत आहे, तसंच. कंडक्टर डबा उघडून बघत नाही, आत भाकरी आहे की चटणी ते विचारत नाही. पण एकदा डबा घेतला की पोचवायची जबाबदारी त्याची.

हे मी नुसतं उदाहरण म्हणून सांगत नाही. मेल ज्या भाषेत बोलतो त्या एसएमटीपीचा मसुदा ऑगस्ट १९८२ चा, जोनाथन पोस्टेल यांनी लिहिलेला. सर्व्हरनं पत्र घेऊन २५० हा आकडा परत पाठवला की त्या क्षणापासून पत्र त्याच्या अंगावर, असं त्यात ठरलंय. एकतर पुढं पोचवायचं, नाहीतर पाठवणाऱ्याला 'पोचलं नाही' म्हणून कळवायचं. हा २५० लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्याच मसुद्यात आणखी एक गोष्ट आहे, किंवा नाही म्हणूया. ओळखपत्र मागायची सोय नाही. पत्र देणारा म्हणतो 'हे अमक्याकडून', ऐकणारा म्हणतो 'बरं'. आज वाचलं की हसू येतं, पण तेव्हा ते भोळेपण नव्हतं. जोडलेले सगळे म्हणजे विद्यापीठं, संशोधन संस्था, लष्करी कार्यालयं. प्रत्येक मशीन प्रत्येकाला थेट जोडलेलंही नव्हतं, म्हणून दुसऱ्याचं पत्र आपल्या दारी आलं तर पुढं ढकलणं हा शेजारधर्म होता. आज ज्याला 'ओपन रिले' म्हणून नावं ठेवतात, ती तेव्हा सभ्यता होती.

पहिला मोठा दणका २ नोव्हेंबर १९८८ ला बसला. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस या आपल्याच वयाच्या विद्यार्थ्यानं सोडलेला वर्म इंटरनेटभर पसरला. आत शिरायच्या त्याच्या वाटांपैकी एक होती सेंडमेल या मेल सर्व्हरमधली. दुरुस्ती करताना वापरायची म्हणून ठेवलेली एक सोय, जी कित्येक ठिकाणी बंद करायची राहून गेली होती. मग नव्वदीत जाहिरातवाले आले. जगभरच्या उघड्या रिलेंमधून फुकटात लाखो पत्रं जाऊ लागली, आणि वैतागून लोकांनी काळ्या याद्या बनवल्या. पॉल विक्सी यांच्या १९९७ मधल्या यादीमागच्या संस्थेचं नाव होतं एमएपीएस. इंग्रजी अक्षरं उलटी वाचा, स्पॅम होतंय. शेवटी १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ आवृत्तीत परक्याचं पत्र पुढं न्यायला मूळ सेटिंगमध्येच नकार आला. म्हणजे शेजारधर्म मोडीत काढायला सोळा वर्षं लागली. मी तो पुन्हा चालू केला एका संध्याकाळी.

आता आपल्या खोलीतली गोष्ट.

इथं मेल पाठवणाऱ्या वस्तू किती आहेत ते मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझाच विश्वास बसेना. पुस्तकांच्या नोंदी ठेवणारं कोहा. ते न्यूझीलंडमध्ये तयार झालं, सगळ्यांना फुकट आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. दुसरा पावत्यांचा प्रोग्रॅम. तिसरा कागद स्कॅन करून मेल करणारा प्रिंटर. मग दारावरच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. आणि शेवटी लाइट गेली की 'लाइट गेली' असं मेलनं कळवणारा यूपीएस. लाइट गेली हे आपल्याला कळत नाही होय? पण असू दे.

या सगळ्यांत एकाच जीमेल खात्याचा पासवर्ड भरलेला होता. प्रिंटरवर तर तो चिकटपट्टीखाली कागदावर लिहिलेला. पासवर्ड बदलला की पाच ठिकाणी बदलायचा, एक ठिकाण हमखास राहायचं आणि तिथला मेल बंद पडायचा. त्यात २०२२ च्या मे अखेरीस गूगलनं नुसत्या नाव-पासवर्डावर जुन्या प्रोग्रॅमना आत घेणं थांबवलं. कसंबसं ढकलत नेलं, मग ठरवलं की आत एकच मशीन ठेवायचं. सगळ्यांनी पत्र त्याच्याकडं द्यायचं आणि बाहेरचा पासवर्ड फक्त त्याच्याकडं राहील. सायबर कॅफे बंद करताना एका मामांनी दिलेला जुना कॉम्प्युटर होता. त्यावर डेबियन टाकलं, त्यावर पोस्टफिक्स. या कामाला एवढं मशीन पुरून उरतं.

हे मशीन थेट जगाशी बोलणार नव्हतं. एका मेल पुरवठादाराकडं ५८७ या पोर्टवर पत्र द्यायचं, पुढं त्यानं न्यायचं. अशा वरच्या सर्व्हरला स्मार्टहोस्ट म्हणतात. घरगुती ब्रॉडबँडवरून २५ नंबरच्या पोर्टनं स्वतः जगभर मेल वाटायच्या भानगडीत पडू नका. कनेक्शन देणारे बहुतेकदा तो पोर्ट बंदच ठेवतात. आणि उघडा असला तरी मोठे मेलवाले तसल्या पत्त्यावरून आलेलं पत्र उंबऱ्यावरूनच परत करतात.

इथवर ठीक होतं. दोन महिने सुरळीत चाललं आणि मला वाटायला लागलं की आपल्याला येतंय.

मग खानापूरच्या आपल्या वाचनखोलीतल्या पोरांनी विचारलं, आम्हालाही याच रिलेतून पाठवता येईल का? येईल की, म्हटलं. आपल्याकडं स्थिर आयपी होता. राउटरमध्ये नियम टाकला: बाहेरून २५ पोर्टवर जे येईल ते रिलेकडं वळव. पाच मिनिटांचं काम.

इथं दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या. नीट ऐका, कारण हीच चूक तुमच्या हातून होऊ शकते. पोस्टफिक्समध्ये मायनेटवर्क्स नावाची एक ओळ असते. तिच्यात लिहिलेले पत्ते म्हणजे घरची माणसं, त्यांना पासवर्ड विचारला जात नाही. मी तिथं आतलं अख्खं नेटवर्क लिहिलं होतं, १९२.१६८.१ नं सुरू होणारे सगळे पत्ते. आळस, दुसरं काय. आणि राउटरमध्ये पोर्ट वळवायच्या पानावर एक खूण आधीच केलेली होती. तिचा अर्थ असा की बाहेरून येणाऱ्याचा मूळ पत्ता पुसायचा आणि त्या जागी राउटरचा स्वतःचा आतला पत्ता लावायचा. याला सोर्स नॅट म्हणतात. काही मांडणीत त्याची गरज पडते, आपल्या मांडणीत अजिबात नव्हती. मी ते पान खालपर्यंत वाचलंच नाही.

झालं असं की येणारा ब्राझीलमधून येवो नाहीतर खानापुरातून, रिलेला दिसणार एकच पत्ता: १९२.१६८.१.१. म्हणजे घरचं माणूस. या, बसा, पत्र द्या.

फायरवॉल बंद नव्हती. तिनं सांगितलेलं काम चोख केलं. फक्त दारात येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर घरातलाच सदरा चढवला आणि आत सोडलं. 'आपल्याकडं फायरवॉल आहे, काळजी नको' हे वाक्य त्या दिवसापासून ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आणि चाचणी केली नव्हती असंही नाही. केली होती की! पण कुठं बसून? इथं, याच वायफायवर. आतून बघितल्यावर सगळं बरोबर दिसणारच.

शुक्रवारी संध्याकाळी दार उघडलं, शनिवारी रात्री ते त्यांना सापडलं. उघडी दारं हुडकणारे प्रोग्रॅम जगभर दिवसरात्र फिरत असतात, बेळगाव त्यांना लांब नाही. रविवारी सकाळपर्यंत पुरवठादारानं आपलं खातं बंद केलं. बरोबर केलं, त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. पण हे मला माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी मी घरून बारावी झालेल्या मुलामुलींना एक सूचना पाठवली. महाराष्ट्रात सीमाभागातल्या उमेदवारांसाठी ज्या जागा असतात त्यांच्या प्रवेशाला मातृभाषेचे, इथं शिकल्याचे दाखले लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. ते अपलोड करायची मुदत मंगळवारी संध्याकाळपर्यंत. प्रोग्रॅमनं हिरव्या अक्षरात दाखवलं, 'पाठवले'. मी निवांत जेवलो आणि झोपलो.

आता तो २५०. 'पाठवले' याचा अर्थ आपल्याच खोलीतल्या रिलेनं २५० म्हटलं, एवढाच. पुढं पुरवठादार पासवर्ड नाकारत होता. असं झालं की पोस्टफिक्स पत्र फेकून देत नाही, रांगेत ठेवतं आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. किती दिवस? मूळ सेटिंगमध्ये पाच. आणि 'अजून गेलेलं नाही बरं का' अशी मधली सूचना मूळ सेटिंगमध्ये बंद असते. म्हणजे मंगळवारच्या मुदतीचं पत्र पोचलं नाही हे मला शुक्रवारी कळणार. तेही नोरिप्लाय नावाच्या पेटीत, जी आपल्यातलं कुणीच उघडत नव्हतं.

सोमवारी सकाळी ग्रंथपाल काकू म्हणाल्या, "अरे, पावती मेलवर जाईना झालीय बघ." रांग बघायची आज्ञा दिली तर पडदा थांबेचना, नुसता पळतोय. वर सगळी खोटी पत्रं, आणि न पोचलेल्यांच्या परत आलेल्या नोंदी. माझी सूचना त्यात कुठंतरी तळाला. आधी राउटरची वायर ओढली. मग यादी घेऊन फोन लावत बसलो. बहुतेकांना गाठलं. खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचा फोन लागला नाही. त्यांच्या गावात पावसानं दोन दिवस रेंज नव्हती. बुधवारी ती खोलीवर आली तेव्हा तिची ती फेरी गेलेली होती. पुढच्या फेरीत जागा मिळाली, पण पहिल्या पसंतीचं कॉलेज नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "सोमवारी एसटीच्या कंडक्टरकडं चिठ्ठी दिली असतीस तरी पोचली असती की."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही.

त्यानंतर सगळं मोडून पुन्हा मांडलं. ते कसं, ते सांगतो.

गावाकडची जुनी घरं आठवा. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर. पोस्टमन, सावकार, अनोळखी पाहुणा, सगळे सोप्यापर्यंत. माजघरात यायचं तर घरच्यानं बोलवायला हवं. नेटवर्कमध्ये याला डीएमझेड म्हणतात. रिलेला आता राउटरवर वेगळा कप्पा दिलाय, तो सोप्यावर बसतो. माजघरातली कोहासारखी मशीनं सोप्यावर येऊन पत्र देऊ शकतात, पण सोप्यावरचं मशीन आपणहून माजघरात जाऊ शकत नाही. उद्या कुणी रिलेच ताब्यात घेतला तरी सभासदांच्या नोंदींपर्यंत त्याचा हात लगेच पोचत नाही.

बाहेरून येणारा २५ पोर्ट पूर्ण बंद. आपल्याला येणारी पत्रं पुरवठादाराकडंच येतात, ती तिथं जाऊन वाचायची. आपल्याला मुळात ते दार लागतच नव्हतं. खानापूरसाठी वायरगार्डचा बोगदा केला. त्याचं एक मला फार आवडतं: ज्याच्याकडं खरी किल्ली नाही त्यानं दार वाजवलं तर आतून ओ सुद्धा येत नाही. तिथं दार आहे हेच त्याला कळत नाही.

पण लोक विसरतात ते उलट्या दिशेचं. आतून बाहेर कोण जाऊ शकतं? पूर्वी कुणीही. आता मेलच्या पोर्टांवर फक्त रिले बाहेर जाऊ शकतो, आणि तोही फक्त पुरवठादाराच्या सर्व्हरकडं. बाकी कुणी प्रयत्न केला तर फायरवॉल अडवते आणि नोंद ठेवते. पहिल्याच आठवड्यात त्या नोंदीत इथल्या एका लॅपटॉपचं नाव सापडलं. व्हायरस लागलेला, गपचूप मेल पाठवायच्या खटपटीत. कुणाचा ते सांगत नाही, तो इथं बसलाय.

मायनेटवर्क्समध्ये आता रिलेचं स्वतःचं मशीन सोडून कुणी नाही. घरची माणसं ही कल्पनाच काढून टाकली. कोहाला वेगळं नाव आणि पासवर्ड, पावत्यांना वेगळं, यूपीएसला वेगळं. एकाची किल्ली हरवली तर एकच कुलूप बदलायचं. प्रिंटर जुना आहे, त्याला पासवर्ड सांगायची अक्कल नाही. म्हणून फक्त त्याच्या एका पत्त्याला सूट, आणि ती फक्त आपल्या कार्यालयाच्या पेटीत पत्र टाकण्यापुरती. प्रिंटर बाहेरच्या जगाला पत्र लिहू शकत नाही, आणि त्याचं काही अडलेलंही नाही.

तासाला किती पत्रं घ्यायची याची मर्यादाही लावली. यातली गंमत बघा, तशी मर्यादा मी आधी लावली असती तरी वाचलो नसतो. पोस्टफिक्स मायनेटवर्क्समधल्यांना या मर्यादेतून आपोआप सूट देतं. घरच्यांना कोण मोजतंय?

पोस्टफिक्सबद्दल राज्यशास्त्रवाला म्हणून एक सांगू दे. माँतेस्क्यूनं १७४८ मध्ये सत्तेचं विभाजन मांडलं, ते आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. सेंडमेल म्हणजे राजेशाही होती. एकच मोठा प्रोग्रॅम, सगळे अधिकार त्याच्याकडं, त्याला एक भोक पडलं की अख्खं मशीन गेलं. वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना १९९८ मध्ये पोस्टफिक्स बाहेर आणलं ते नेमकं याच्या उलट. बाहेरच्याशी बोलणारा भाग वेगळा, पत्र साफ करणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, पुढं नेणारा वेगळा. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार. बाहेरच्याशी बोलणाऱ्याला कुणी फितवलं तरी तो पेटीत हात घालू शकत नाही, कारण तो अधिकार त्याच्याकडं नाहीच. मला माँतेस्क्यू तेव्हा समजला, वर्गात नाही.

आता वाटेवरची चोरी. रिले पुरवठादाराशी बोलायला लागतो तेव्हा पहिली दोन वाक्यं उघड्यावर असतात. मग पुरवठादार म्हणतो 'मला स्टार्टटीएलएस येतं', आणि पुढचं बोलणं कूटबद्ध होतं. मध्ये बसलेल्या कुणी ते वाक्यच खोडलं तर? रिलेला वाटणार, समोरच्याला येत नाही. मूळ मांडणीत तो म्हणतो 'असू दे', आणि उघड्यावरच पत्र देतो. म्हणून सक्ती लावायची: कूटबद्ध बोलणं नाही तर पत्र नाही, आणि समोरच्याचं सर्टिफिकेट नावासकट तपासायचं. हे वाक्य खोडणारा दर वेळी चोरच असतो असं नाही. सिस्कोच्या जुन्या पिक्स फायरवॉलमध्ये मेल तपासायची एक सोय होती, ती नको वाटणारे शब्द पुसून टाकायची, त्यात हेही जायचं. अतिशहाणा पहारेकरी.

आता डोमेनच्या नावाबद्दल. डीएनएसमध्ये तीन नोंदी टाकायच्या असतात. एसपीएफ सांगतं की आमची पत्रं फक्त अमक्या सर्व्हरांकडून येतील. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावर मारलेला शिक्का, मजकूर बदलला तर तो मोडतो. आणि डीएमएआरसी सांगतं की या दोन्हींत न बसणाऱ्या पत्राचं काय करायचं: घ्यायचं, बाजूला टाकायचं की परत करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलंय. गूगलच्या हिशेबात दिवसाला पाच हजार पत्रं गेली की तुम्ही मोठे. आपण कुठले एवढे मोठे, पण छोट्यांनाही यातलं निदान एक लागतंच. तिन्ही टाका, अर्ध्या तासाचं काम आहे.

पण कुणी तुम्हाला 'हे तीन टाकले की सुरक्षित' असं सांगितलं तर त्याला आपली गोष्ट सांगा. आपल्याकडं तिन्ही होते. ती हजारो खोटी पत्रं आपल्याच रिलेतून, आपल्याच पुरवठादाराकडून गेली, म्हणून प्रत्येकावर खरा शिक्का होता. घेणाऱ्याच्या दृष्टीनं ती आपण लिहिलेलीच पत्रं. त्यामुळं नंतर आपली खरी पत्रंही तीनेक आठवडे स्पॅममध्ये जाऊन पडत होती. पुरवठादाराची समजूत घातली, खातं उघडलं, तरी रोज थोडी थोडी पत्रं पाठवत नाव परत मिळवावं लागलं.

मराठीबद्दल एक, कारण प्रिंटर जुना तसा पावत्यांचा प्रोग्रॅमही जुना. मेल मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठी बनला. देवनागरी त्यातून जाते ती वेष बदलून. 'बेळगाव' या शब्दात काना-मात्रा धरून सहा चिन्हं आहेत. संगणकात ती अठरा बाइट होतात, आणि विषयाच्या ओळीत टाकायला त्यांची चोवीस इंग्रजी अक्षरं होतात. ओळ लांबली की तुकडे करायचे असतात आणि प्रत्येक तुकड्यात पूर्ण चिन्हं यायला हवीत, असा नियम आहे. आपला पावत्यांचा प्रोग्रॅम चिन्हाच्या मधूनच तोडायचा, म्हणून पावत्यांच्या विषयात प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसायचे. मी महिनाभर रिलेला दोष देत होतो. रिले बिचारा मजकुराला हातही लावत नाही.

आणि पत्ताच देवनागरीत हवा असेल तर? .भारत हे डोमेन २०१४ पासून आहे. देवनागरी पत्त्याचा नियमही २०१२ मध्ये झाला, पोस्टफिक्सला तो २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून येतो. पण अट अशी की वाटेवरच्या प्रत्येक रिलेनं 'मला येतं' म्हटलं पाहिजे. एकानं जरी नाही म्हटलं तरी पत्र तिथून माघारी. आपल्या रिलेवर मी ते चालू ठेवलंय. अजून तसं एकही पत्र आलेलं नाही, पण आलं तर ते आपल्यामुळं अडायचं नाही.

सगळं मांडून झाल्यावर चाचणी या खोलीतून केली नाही. पुण्यात शिकणाऱ्या एका मैत्रिणीला सांगितलं, बाहेरून दार ढकलून बघ. २५ वर तिला काहीच मिळालं नाही. मग दहा मिनिटांसाठी मुद्दाम ते दार उघडलं, त्या खुणेशिवाय, आणि परक्या पत्त्याचं पत्र द्यायला सांगितलं. ५५४, रिले नाकारला. तिनं त्याचा फोटो पाठवला, तो मी जपून ठेवलाय.

रांगेचं लक्ष आता रोज ठेवलं जातं. तासाभरात पत्र गेलं नाही तर पाठवणाऱ्याला कळतं, नोरिप्लायची पेटी काकू उघडतात, आणि मुदतीची सूचना असेल तर मेलबरोबर फळ्यावर कागद आणि फोन, दोन्ही. रांगेत वीसपेक्षा जास्त पत्रं साठली तर इशारा येतो. पहिल्यांदा हा इशारा मी मेलनंच यायचा ठेवला होता. हसा, हसा. मेल बंद पडल्याची बातमी मेलनं. काकूंनीच विचारलं, "मग ती बातमी कुठनं जाणार रे?" आता एका जुन्या डोंगलमधून एसएमएस जातो.

तो एसएमएस तिघांना येतो: मला, काकूंना आणि खानापूरच्या त्या मुलीला. तिनं स्वतः मागून घेतलं. गेल्या महिन्यात तिनं मला दोनदा झोपेतून उठवलं. एकदा पुरवठादारानं सर्व्हरचं नाव बदललं होतं, आणि ओळख पटेना म्हणून आपल्या रिलेनं पत्रं थांबवून धरली होती. दुसऱ्यांदा इथली लाइट गेली होती. राउटर बंद, आणि यूपीएस आतल्या आत 'लाइट गेली' म्हणून तेवीस पत्रं लिहून बसलेला.

राउटर अजून यूपीएसवर जोडलेला नाही. आज हे संपलं की तेच करायचंय, वायर आणलीय. दोघं-तिघं थांबा जरा.